शिशाची पलटण

मी मुळातच भित्रा माणूस. रस्त्यात कुत्रं भुंकलं तरी आपल्याच हातून काहीतरी चुकलं असणार, असं मला वाटतं. त्यामुळे वर्ध्याच्या जिनिंग-प्रेसमधल्या गोऱ्या मॅनेजरने मला बंगल्यावर बोलावलं, तेव्हा आपलं काय चुकलं हेच मी वाटभर आठवत गेलो. मी तिथे टेम्परवारी होतो. दाबून बांधलेल्या रुईच्या गाठींवर तांबड्या रंगाने मार्का रंगवायचा, एवढंच माझं काम. साहेब महिन्याअखेर कायमचा विलायतेला निघाला होता, आणि जाण्यापूर्वी आम्हा दोघा मार्कावाल्यांपैकी एकाला पर्मनंट करून जाणार होता. पवनारला घरात मी आणि माझी विधवा आत्या. तिनेच मला लहानाचं मोठं केलं. ती दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची, कंबर धरून घरी यायची. मी पर्मनंट झालो असतो तर तिचं ते वेचणं सुटलं असतं.

बंगल्याच्या व्हरांड्यात मोठं टेबल होतं. त्यावर हिरवं कापड, कापडाखाली विटा सारून केलेल्या टेकड्या, आणि शेजारी लाकडी पेटीत बोटाएवढे शिशाचे शिपाई. साहेबाला लढाईचा खेळ खेळायचा नाद होता. फासे टाकायचे, फूटपट्टीने मोजून फौज पुढे सरकवायची, मेलेले आडवे करायचे. बरोबरीचे गोरे निघून गेल्यापासून तो दोन्ही बाजूंनी एकटाच लढत होता. जाण्याआधी त्याला एक लढाई माणसाशी खेळायची होती.

"तुम्हारा दादा पलटन में था न? अपनी फौज खुद चुनो," तो म्हणाला.

पेटीत लाल कोटातले गोरे होते, पगडीवाले देशी शिपाई होते, घोडेस्वार होते, आणि सरहद्दीवरचे लांब बंदुकांचे दाढीवाले होते. इकडे आड, तिकडे विहीर. गोरे उचलावेत तर म्हणेल, साहेबाची बरोबरी करतो. दाढीवाले उचलावेत तर ते त्याच्या लोकांशी लढलेले. एकेक शिपाई मी हातात घ्यायचो आणि साहेबाच्या भुवईकडे बघून परत ठेवायचो. शेवटी पगडीवाल्यांवर हात ठेवला. माझा आजा असाच उभा राहत असेल, असं मनाला समजावलं. त्यांचा म्होरक्या म्हणून तलवार उगारलेला एक घोडेस्वार घेतला. साहेब "गुड" म्हणाला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. पगड्यांचा रंग उडाला होता. तू रंगारीच आहेस, घरी ने, रंगवून रविवारी आण, असं त्याने सांगितलं. हे शिपाई त्याच्या बापाचे आहेत, हेही सांगितलं. ते त्याने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

छप्पनच्या दसऱ्याला आम्ही नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलो, त्यानंतर मोहल्ल्यातल्या घरोघरचे देव धाम नदीच्या डोहात गेले. आमचे आत्यानेच सोडले. सोडले आणि पदर झटकून घरी आली. तेव्हापासून भिंतीतला देवांचा कोनाडा रिकामा होता. तिथे कोंबड्या पोचत नाहीत, शेजारची पोरं हात घालत नाहीत, म्हणून मी रंगवलेले शिपाई वाळायला तिथेच ओळीने मांडले. मधोमध घोड्यावरचा. रंग गाठींचाच, तांबडाभडक. तो चांगला चढलाय, अशी स्वतःची पाठ थोपटून शनिवारी सकाळी कामावर गेलो.

संध्याकाळी आलो तर कोनाडा रिकामा. आत्या चुलीपुढे भाकरी थापत होती. माझ्याकडे बघेना.

"आत्या, कोनाड्यातलं कुठी गेलं?"

"डोहात."

"काऊन?"

"काऊन म्हून मलेच इचारतं? शेंदूर लावून खंडोबा बसवला घरात, अन् वरून काऊन? नागपूरले माह्या बाजूले उभा राहून शपथ तूच घेतली ना? मोहल्ल्यात कोणी पाह्यलं असतं तं?"

"आत्या, खंडोबा नाई तो. सायबाचे खेळायचे शिपाई होते. उद्या वापस द्याचे हायत."

तिचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकर करपायला लागली तरी तिला उलथायचं सुचेना. "सायबाचे?" एवढंच म्हणाली. मला तिचा रागही येईना. सासरी-माहेरी पिढ्यान्‌पिढ्या पुजलेले देव पाण्यात सोडताना जिचा हात हलला नाही, ती बोटाएवढ्या शिशाच्या शिपायांपायी भाकर उलथायची विसरली होती.

रविवारी उजाडताच आम्ही डोहात उतरलो. पाणी बर्फासारखं, तळाला गाळ. हाताला गोटे लागत होते, शेवाळ लागत होतं. एकदा काही घडीव लागलं. मोठ्या आशेने वर काढलं, तर पितळेचा चपटा देव, कोणाच्या तरी घरचा. डोळे चिखलाने भरलेले. तो माझ्याकडेच बघतोय असं वाटून मी जागच्या जागी गोठलो. आत्याने तो माझ्या हातातून घेतला आणि परत पाण्यात टाकला. मग ती छातीएवढ्या पाण्यात गेली. तिचे ओठ काळेनिळे पडलेले पाहून मी तिला ओढून काठावर आणलं. एकही शिपाई सापडला नाही.

"मीबी येतो संगं," लुगडं बदलून ती म्हणाली. मी नको म्हणालो, पण ती सायकलच्या कॅरिअरवर येऊन बसली. वर्ध्यापर्यंत मी मनात थापा रचत होतो. चोर आले, माकडांनी नेले, घराला आग लागली. एकही थाप मलाच पटेना.

साहेबाने आपल्या बाजूची फौज मांडून ठेवली होती. समोरची बाजू मोकळी होती. मी "साहब, वो..." एवढं म्हणालो आणि त्या मोकळ्या बाजूकडे बघू लागलो. पायरीखाली उभ्या आत्याने पदर खांद्यावर ओढून घेतला.

"म्या बुडवले सायेब. देव समजून बुडवले. आमी आता देव ठेवत नाई. याचा काई कसूर नाई."

साहेबाला मराठी समजत होतं. "सब के सब?" त्याने विचारलं.

"सबच," आत्या म्हणाली.

त्याने आपल्या रांगेतला पहिला शिपाई उचलून पेटीत ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. तो फक्त "जाओ" म्हणाला. महिन्याअखेर पर्मनंटसाठी दुसऱ्या मार्कावाल्याचं नाव गेलं आणि आत्याचं वेचणं सुटलं नाही. पण ते मला त्याच क्षणी कळून चुकलं होतं.

परतताना मी सायकलवर बसलोच नाही. हातात धरून चालत निघालो. आत्या शेजारून चालत होती.

"तुले भेव नाई वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. अजून वाटून राह्यलं."

"देव सोडले तवा तं नाई वाटलं."

"तुले कोणं सांगतलं?" ती म्हणाली. "आता हे देव तुले नेतात म्हून त्या राती तुया छातीवर हात ठेवून बसली होती मी, पार उजाडेलोक. तू झोपला होता."