सात शिड्या आणि उसनेबाई

तिला सगळी इमारत पाठीमागे उसनेबाई म्हणायची आणि तोंडावर मावशी. इस्पितळाच्या कपडेखात्यात तिने तीस वर्षं शिलाई मशीन चालवलं होतं. फाटलेल्या चादरीची उशीची खोळ, फाटलेल्या खोळीचं फडकं आणि फडक्याचा बोळा झाल्याशिवाय तिथलं कापड बाहेर जात नसे. निवृत्त झाल्यावर हाच खाक्या तिने घरी लावला. वर्षातून दोनदा लागणारी वस्तू विकत घेणं म्हणजे तिच्या मते डोक्यावर पडल्याचं लक्षण.

त्यामुळे शिडी पहिल्या मजल्यावरून, ड्रिल चौथ्यावरून, मोठं पातेलं शेजारून. सून लाजेने अर्धी व्हायची.

"आई, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, पातेलं घासून आणलं. त्यांच्याकडे कधी एवढं चमकलं नव्हतं."

ते खरंच होतं. तिच्याकडे गेलेली सुरी धार लावून परत यायची. कुणाचं काय कुठल्या माळ्यावर पडलंय, हे मालकापेक्षा तिला जास्त ठाऊक असायचं.

तळमजल्यावर एक इंजिनीअर पोरगा राहायला आला. दाढी कोरलेली, नाकावर चष्मा, डोकं नवनव्या कल्पनांनी भरलेलं. तो एकदा तिच्याकडे स्क्रूड्रायव्हर मागायला आला आणि दोन तास बसून राहिला.

"मावशी, तुम्ही करता त्याला शेअरिंग इकॉनॉमी म्हणतात. यातून पृथ्वी वाचणार आहे."

"अरे वा. सुनेला सांग जरा."

पोराने अ‍ॅप काढलं. कुणाकडे काय आहे ते मावशीने तोंडपाठ सांगितलं, त्याने फोटो काढून चढवलं. तासाला थोडं भाडं, त्यातलं थोडं अ‍ॅपला. पहिला महिना झकास गेला. माळ्यावरची ड्रिलं, तंबू, वजनकाटे खाली उतरले. लोक जिन्यात थांबून बोलू लागले. सुनेने मैत्रिणींना सांगितलं, "आमच्या सासूबाईंची आयडिया."

मग इमारतीतल्याच एका निवृत्त बँकसाहेबांच्या लक्षात आलं की शिडीला मागणी आहे. त्यांनी नवीकोरी शिडी आणली, खास भाड्याने द्यायला. ते बघून सोसायटीच्या सेक्रेटरीने दुसरी आणली, घडीची. मग साहेबांनी अजून दोन, सेक्रेटरीनेही दोन. ज्या घरांत आजवर खिळा ठोकलेला नव्हता तिथे ड्रिलं येऊन पडली. दर दोन दिवसांनी दारात रिकामे खोके. कचरा नेणाऱ्या बाईने मावशीला विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यांची लग्नं आहेत का एकदम?"

त्यात मावशीने साहेबांची शिडी नेली. एका पायाचं रबर सुटलं होतं. ते चिकटवून, वाळवून तिने शिडी परत दिली, तर अडीच तास उशीर. साहेबांनी तिला दोन तारे दिले. शेरा मारला : बेजबाबदार. अ‍ॅपने तिची उसनवारी आठवडाभर बंद केली. सून मोबाइल घेऊन धावत आली. मावशी म्हणाली, "तीस वर्षांत इस्पितळाच्या साहेबाने मेमो दिला नाही, तो या डबड्याने दिला."

पुढच्या रविवारी गच्चीवर कार्यक्रम होता. अ‍ॅपला द्यायला पर्यावरणाचं कुठलंसं बक्षीस घेऊन पाहुणे आले होते. पोराने मावशीला हाताला धरून माइकपाशी नेलं.

ती म्हणाली, "पूर्वी या इमारतीत चौतीस घरं होती आणि एक शिडी. आता सात शिड्या आहेत. भिंती तेवढ्याच आहेत. तुमचं बक्षीस शिडी बनवणाऱ्याला द्या, त्याचं कल्याण झालंय."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी गच्ची हसली. बँकसाहेब सोडून.

दुसऱ्या दिवशी पोरगा तोंड पाडून आला. "मावशी, नाक कापलंत माझं."

"कापलं असतं तर चष्मा कुठे टेकला असता? बस. एका जातीची एकच वस्तू ठेव. दुसरी आली तर चढवू नकोस. आणि दुरुस्त करून देणाऱ्याला तारे जास्त दे."

"मग अ‍ॅपला काय मिळणार?"

"ते मला काय विचारतोस? पृथ्वी तुला वाचवायची होती."

तो चार दिवस फिरकला नाही. पाचव्या दिवशी त्याने भाडंच काढून टाकलं आणि अ‍ॅपची नुसती यादी केली. पोटासाठी दुसरीकडे नोकरी धरली. जास्तीच्या शिड्या मावशीने ओळखीच्या रंगाऱ्याला मिळवून दिल्या, पडेल भावात. साहेबांना वाटलं, गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं. तिला ते चार दिवसांनी कळलं.

महिन्याभराने साहेबांच्या बायकोची कंबर धरली. साहेब स्वतः दारात आले, घसा खाकरला आणि शेकायची पिशवी कुणाकडे असेल म्हणून विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर, डावीकडे. बूच मीच बदललंय, गळत नाही. पाणी उकळतं घालू नका."

"आणि त्याचं भाडं..."

मावशीने चष्म्यावरून नुसतं बघितलं. साहेब जिना चढू लागले.