परातीतला सूर्य

माझे अब्बा जन्मभर मालवाहू जहाजांवर अधिकारी होते. निवृत्त होऊन भिवंडीला आले, तरी दुपारचा सूर्य मोजायची खोड काही गेली नाही. समुद्रावर सेक्स्टंट डोळ्याला लावायचा, सूर्य क्षितिजापासून किती वर आलाय ते मोजायचं. तो चढायचा थांबला की थोडी बेरीज-वजाबाकी, आणि जहाज कुठल्या अक्षांशावर आहे ते कळतं. भिवंडीत क्षितिज कुठलं? जिकडे बघावं तिकडे गोदामांचे पत्रे. मग अब्बा गच्चीवर परातीत लूमचं, म्हणजे यंत्रमागाचं, काळं तेल ओतायचे आणि आकाशातला सूर्य तेलातल्या सूर्याशी मिळवायचे. असा कोन दुप्पट येतो, तो निम्मा करायचा. उन्हाळ्यात तो दुप्पट कोन यंत्रात मावायचाच नाही, म्हणून हा उद्योग थंडीतला.

अम्मीची परात कायमची तेलकट झाली. "आता कणीक काय तुमच्या सूर्यावर मळू?" म्हणून ती कुरकुरायची, पण दुपारी जिन्यातून हाक तिचीच यायची, "काय, कुठं हाय आपण?"

"घरीच हाय!"

"मग जेवायला या."

अम्मी गेली. पुढच्याच हिवाळ्यात अब्बा घाबरेघुबरे खाली आले. "सूर्य नव्वदाच्या वर गेलाय," म्हणाले. नव्वद अंश म्हणजे थेट डोक्यावर; त्याच्या वरचा सूर्य आकाशात मावतच नाही. ते कोन निम्मा करायला विसरले होते. समुद्रावर निम्मा करावा लागत नाही. ते भिवंडीत आल्यावर शिकलेलं, आणि तेच आधी पुसलं जात होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव नंतर सांगितलं. मी त्याच दुपारी मोरीत जाऊन रडून घेतलं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांचे हात थरथरायला लागले. रोज विचारायचे, "बेटा, आपण कुठं हाय?" नुसतं "घरी" म्हटलेलं पटायचं नाही. मोजल्याशिवाय सांगणं म्हणजे थापा, ही त्यांचीच शिकवण. शेवटी मीच परात घेऊन वर गेले. ते खुर्चीत बसून सारखे विचारत होते, "चढतोय का अजून?" सूर्य थांबला तसा मी कोन वाचला, निम्मा केला, आकडेमोड त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. बरोबर भिवंडी आली. मला इतका आनंद झाला, जणू मीच जहाज बंदराला लावलं होतं.

"अब्बा, घरीच हाय आपण!"

ते जिन्याकडे कान देऊन बसले. बराच वेळ. खालून नुसती लूमची खडखड येत होती.

"मग तुझी अम्मी हाक का न्हाय मारत?" ते म्हणाले. "चुकलंय तुझं. परत मोज."

सूर्य उतरायला लागला होता. तरी मी सेक्स्टंट परत डोळ्याला लावला.