पाठ न टेकवणारे सर

मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर ते रोज भेटत. नाव विचारायचं राहूनच गेलं. एका कॉलेजात ‘मुलाखत कौशल्य’ हा कोर्स कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत. बाकावरही ताठ, हात गुडघ्यांवर ठेवून बसत, जणू समोर निवड समितीच आहे. कायम नोकरीसाठी त्यांनी स्वतःच इतक्या मुलाखती दिल्या होत्या, की या विषयाला त्यांच्याइतका लायक माणूस शहरात सापडला नसता.

एकदा म्हणाले, “काल दुसऱ्या कॉलेजात मुलाखत झाली. समितीत माझाच जुना विद्यार्थी होता.”

“मग झालं का काम?” मी विचारलं.

“नाय. पण पोरगं लई तयार झालंय. मला नाय म्हणताना नजरसुद्धा खाली केली नाय त्यानं.”

आणि ते पहिल्यांदाच बाकाला पाठ टेकवून बसले.