त्या कागदावरचा बाप

“मेरे पापा रोज़ शराब पीते हैं।”

हे वाक्य मी माईकवर वाचलं. बास्केटबॉलच्या मैदानात, देणग्या द्यायला आलेल्या पाहुण्यांसमोर, खणखणीत आवाजात. आणि माझा बाप शेवटच्या रांगेत बसला होता. स्टील प्लांटमधून फर्स्ट शिफ्ट करून थेट आलेला. हेल्मेट मांडीवर.

माझ्या बापानं जन्मात दारूला हात लावला नाही. आमच्या मराठी वस्तीतल्या विहारात दर रविवारी पंचशील तोच म्हणायचा. तो पुढं, वस्ती त्याच्या मागून. दारू पिणार नाही, हे त्यात आलंच.

कागद मुलींचं केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी लिहून दिला होता. त्या बंगल्यांच्या नेहरू नगरात राहायच्या. आमच्या घरी कधी आल्या नव्हत्या. पण त्यांचं केंद्र चांगलं होतं, हेच तर दुखतं. संध्याकाळी बास्केटबॉल, मग बाजूच्या खोलीत गणित आणि इंग्रजी, शनिवारी बारावीच्या पोरींना कॉलेजचे फॉर्म भरायला शिकवायचे. सगळं मुलींसाठी. डाव्या हातानं बॉल बास्केटमध्ये टाकायला मी तिथंच शिकले. ट्रिग्नॉमेट्रीही तिथंच. मला इंजिनीअर व्हायचं होतं आणि फी केंद्र भरणार होतं. म्हणून कागद हातात घेतला. वाचलं.

पाहुण्या बाईंनी डोळे पुसले. टाळ्या पडल्या. बापही टाळ्या वाजवत होता.

घरी जाताना सायकलवर तो एवढंच बोलला, “मस्त वाचलं तुनं. कुठीच अडली नाही.”

मी मागं कॅरिअरवर बसून रडले. त्याला कळू दिलं नाही.

केंद्रानं माझ्या वाचनाचा व्हिडिओ टाकला. वस्तीत मोबाइलवर फिरला. रविवारी विहारात बाप मागं जाऊन बसला, पंचशील दुसऱ्यानंच म्हटलं.

“बाबा, समोर कावून नाही बसले?”

“लोकं हासून राहिले, बेटा. बसू दे इथंच.”

सोमवारी मॅडमनी नवा कागद दिला. आता रायपूरच्या मोठ्या हॉलमध्ये बोलायचं होतं. एक वाक्य वाढलं होतं. मम्मी को मारते हैं.

मी म्हटलं, “मैडम, मेरे पापा नहीं पीते।”

“पता है, बेटा। थोड़ा इमोशनल तो करना पड़ता है।”

पता है. मी आठवडाभर समजत होते की त्यांची चूक झाली. चूक नव्हती. माझा बाप कसा आहे हे त्यांना ठाऊक होतं. तो तसा त्यांच्या कामाचा नव्हता.

“पापा ठीक हैं, तो तुम्हारी मदद कोई क्यों करेगा?”

“मेरे नंबर देखकर।”

त्या हसल्या. मी कागद टेबलावर ठेवला, बॉल जाळीच्या पिशवीत टाकला आणि निघाले. मैदान सुटणार हे कळत होतं.

इंजिनीअरिंग गेलंच. दुर्गच्या सरकारी कॉलेजात बी.एस्सी. केलं. फॉर्म स्वतः भरला. आता विहाराशेजारच्या मोकळ्या जागेत मी पोरींना बॉल शिकवते, गणित शिकवते, फॉर्म भरून देते. पोरगी आली की विचारते, काय शिकायचंय? बाप काय करतो, हे विचारत नाही.

बाप अजून मागंच बसतो. म्हणतो, “जाऊ दे ना आता.” नाही जाऊ देणार. कागद त्यांचा होता, पण तोंड माझं होतं.

या हिवाळ्यात केंद्राचा कार्यक्रम पुन्हा त्याच मैदानात आहे. मी बापाला घेऊन जाणार. पहिल्या रांगेत बसवणार. माईक मला कोणी देणार नाही. मी घेणार.

“मेरे पापा शराब नहीं पीते। उस दिन मैंने झूठ पढ़ा था। मैडम को पता था।”