चार्जिंगला लावलेला साक्षीदार

गल्लीतले लोक तिला फौजदार म्हणत. धंदा मोबाइल दुरुस्तीचा, पण बिघाडावर आधी तिचा विश्वासच बसत नसे. "पाण्यात पाडलात ना? खरं सांगा," हा तिचा पहिला प्रश्न. दहातले आठ जण कबूलही करत, आणि तिथेच तिची सवय बिघडली.

दुकानाच्या वरच्या खोलीत वडील अंथरुणाला खिळलेले. अर्धांगवायूने वाचाही गेलेली. त्यांना सांभाळायला मावशी येत. कूस बदलायला दोन माणसं लागत, म्हणून वर बिनतारी बटण आणि खाली हिच्या टेबलावर, चार्जरच्या शेजारी, बेल. मावशींचा मोबाइल मात्र ही खाली ठेवून घेई. वर बसून गप्पा ठोकायला नकोत!

एका दुपारी बाबा पलंगावरून घसरले. मावशी अर्धा तास त्यांना छातीशी धरून बसल्या. ही सहज वर गेली तेव्हा कळलं.

"दहादा बटण दाबलं हो ताई," मावशी म्हणाल्या.

सगळे प्लग काढून दुकान आवरल्यावर हिने वर जाऊन बटण दाबून पाहिलं. बेल खणखणीत वाजली! मनात पाल चुकचुकली. बाबांना विचारलं, तर त्यांनी मावशींच्या बाजूने मान हलवली. पण ते तर मावशींच्या कशालाही मान हलवत. बाईचा डोळा लागला असणार आणि आता सारवासारव चाललीय, हे हिने मनाशी पक्कं केलं.

हिच्याकडे खिशात मावणारा सॉफ्टवेअर रेडिओ होता. हवेतून लहर गेली की त्याच्या पडद्यावर उंच रेघ उठे. बटण दाबलं तर दिसणारच. ऐन वेळी बॅटरीने दगा देऊ नये म्हणून तिने तो दिवसभर चार्जिंगलाच ठेवला आणि डोळ्यात तेल घालून बसली.

तिसऱ्या दिवशी मावशी धापा टाकत खाली आल्या. "ताई, केव्हाची बटण दाबतेय!"

पडद्यावर नुसतं बारीक रेघांचं दाट गवत. उंच रेघ एकही नाही.

"खोटं बोलू नका मावशी. हा साक्षीदार बसवलाय मी."

मावशींनी पडद्याकडे पाहिलं, आपला मोबाइल उचलला आणि निघून गेल्या.

संध्याकाळी दुकान आवरताना तिने चार्जर काढला, आणि बेल वाजली. पडद्यावर उंचच उंच रेघ. चार्जर लावला, गवत माजलं, रेघ बुडाली, बेल मुकी. काढला, पुन्हा वाजली. तो स्वस्तातला चार्जरच आपल्या खरखरीने हवा भरून टाकत होता. वर बाप एकटा, चालत्या हाताने बटण दाबत होता आणि ही खाली खात्री करून घेत होती.

सकाळी ती मावशींच्या दारात उभी राहिली. सगळं सांगितलं. "चुकले मी मावशी. चार्जर काढल्यावर रेडिओवर स्पष्ट दिसलं."

"म्हणजे त्याने सांगितलं म्हणून आलात," मावशी म्हणाल्या. "उद्या तो काही वेगळं म्हणाला, तर?"

'तरी तुमचंच खरं मानेन' म्हणायला तिची जीभ रेटेना, आणि याचीच तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

मावशींनी चपला पायात सरकवल्या. "बाबांचं अंग पुसायचं राहिलं असेल," एवढंच म्हणाल्या आणि तिच्यासाठी न थांबता पुढे निघाल्या.