गाजरगवताचे मूळ शोधणारे गिराम सर

प्रा. माणिकराव गिराम सरांची एकसष्टी होत आहे. त्यांच्याविषयी चार गोड शब्द लिहावेत, असे संपादकांनी सुचवले. लिहिते, पण सरांनी आम्हा सहकाऱ्यांना किती छळले, हे नोंदवल्याशिवाय मला राहवणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी हिंगोली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायला रुजू झाले. पहिल्या दिवशी सरांनी ना चहा विचारला, ना गाव. हातात कागदी पाकिटांचा गठ्ठा देऊन म्हणाले, "कळमनुरीला जा. बाजाराच्या कडेचं गाजरगवत आणा. प्रत्येक झाडाचं पान वेगळ्या पाकिटात."

ही पाने वाळवून परगावच्या प्रयोगशाळेत पाठवली जात. तिथे डीएनए तपासून कोणते झाड कोणत्या वंशाचे, हे ताडून पाहत. कनेरगाव नाक्यापर्यंतचा एकही उकिरडा सरांनी सोडला नाही. स्वतःच्या महाविद्यालयाची रोपवाटिकाही नाही. माझ्या हातांवर पुरळ उठले, तेव्हा सर स्वतः घरी हातमोजे आणि मलम घेऊन आले. सोबत नवी पाकिटेही होती! यावर माणसाने रागवावे की नमस्कार करावा?

खटाटोपामागे कारण होते. पुसेगावजवळच्या एका बंजारा तांड्यावर हे गवत माजले होते. तांड्याच्या गुरांनीच बी आणले, असे म्हणत शेजारच्या गावाने त्यांना गायरान बंद केले होते. तांड्याचे रामजी नाईक सरांना म्हणाले होते, "सर, बैलावर ओझी वाहायचं आमच्या आज्यांनीच सोडलं. आता या गवताचं ओझं आमच्या डोक्यावर काहून?"

दोन वर्षांनी निष्कर्ष हाती आले. तांड्यावरच्या गवताचा मेळ बसला तो आमच्याच रोपवाटिकेतल्या गवताशी. काही वर्षांपूर्वी वृक्षलागवडीसाठी सरांनीच तिथली रोपे तांड्याला वाटली होती. पिशव्यांतल्या मातीतून बी गेले होते.

मी म्हणाले, "सर, तांडा निर्दोष आहे, एवढंच सांगू. रोपवाटिकेचं पाकीट बाजूला ठेवू."

"आणि मग कुठून आलं, असं विचारलं तर? तुमी खोटं सांगणार का मी?"

गाव आणि तांडा एकत्र जमले, त्या सभेत सर उभे राहिले. "हे गवत माझ्या हातानं आलं. तुमच्या गुरांचा काही दोष न्हाई."

मागून कोणीतरी ओरडले, "मग आता उपटणार कोण?"

"आमी," सर म्हणाले. या 'आमी'त मी आहे, हे मला तिथेच कळले. पुढचे तीन पावसाळे फुले धरण्याआधी आम्ही ते गवत उपटत राहिलो. गवत पुरते हटले नाही. गायरान मात्र त्याच आठवड्यात खुले झाले. रामजी नाईक सरांना म्हणाले, "चूक तुमची व्हती, तुमी कबूल केली. आमच्यावर आळ घेणाऱ्यांनी अजून तोंड उघडलं न्हाई."

अशा माणसासोबत काम करणे ही मोठी तकलीफ असते, आणि त्यांच्यावाचून काम करणे त्याहून मोठी. सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. तेवढी सगळी वर्षे आम्हाला उसंत मिळणार नाही, हे नीट ठाऊक असूनही मी हे मनापासून मागते आहे.