पोदुम, जावईबापू

चेन्नईबाहेरच्या एका ब्रीडर फार्मवर, जिथे पिल्लांसाठी अंडी घेतात, मी खाद्य कंपनीतर्फे दर आठवड्याला जातो. तिथले सुपरवायझर मैलापूरचे, तंजावरी मराठी बोलणारे. शेडमध्ये शिरण्याआधी ते दारावर हलकेच टकटक करतात. कोंबड्या दचकल्या तर अंडी घटतात, हे खरंच. पण त्यांची टकटक कुणाच्या घरी आल्यासारखी असते.

नरांचं खाद्य वेगळं आणि मोजकं. नरांना ते जावई म्हणतात. खाद्य पुरेसं पडलं की हात आडवा करून हसतात, "पोदुम, जावईबापू." पोदुम म्हणजे तमिळमध्ये पुरे. मग मला सांगतात, "जावयास फार वाढूं नये. जड झाला की अंडीं फोल." फोल म्हणजे पिल्लू न निघणारी.

गेल्या महिन्यात त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. माझ्या शेजारी त्यांचे खरेखुरे जावई बसले होते. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नव्हतं. सासूबाई त्यांना आणखी भात वाढू लागल्या, तसा सुपरवायझरांचा हात सवयीने आडवा झाला.

"पोदुम, जावईबापू."

लहानपणापासून फार्मच्या गोष्टी ऐकत आलेली त्यांची मुलगी सांबाराचं भांडं तिथेच ठेवून आत गेली. सुपरवायझर उठले, बायकोच्या हातून भात घेतला आणि स्वतः जावयाच्या पानात वाढला. जावयांनी तो भात संपवला.

पुढच्या फेरीला दारावर तीच टकटक झाली. नरांचं खाद्य पडू लागलं. मी त्या शब्दाची वाट पाहत होतो. त्यांनी नुसताच हात आडवा केला.

"नरांचें वजन बरें आहे," एवढंच म्हणाले.